रंजना, संहिता मिळाली नाही

रंजना, तुझ्या दहाव्याला नदीवर माइक लावला होता. तुला ज्याचा राग यायचा ते सगळं यथासांग पार पडलं. आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची रांग. एकाने तुला 'मनमिळाऊ स्वभावाच्या आमच्या रंजनाताई' म्हटलं आणि मला तसल्या जागी हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, बायकांना वाटलं रडतेय. तू आणि मनमिळाऊ! मुख्याध्यापकांशी, सासरच्यांशी, कडावच्या भाजीवाल्याशी, आणि माझ्याशी तर ओळख झाल्यापासून, तू भांडत आलीस; तू ज्याच्याशी भांडली नाहीस असा माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल. दुसरा उठला त्याने तुझ्यापासून सुरुवात केली आणि स्वतः मंजूर करून आणलेल्या रस्त्यावर शेवट केला. ताडपत्रीखाली माझ्या शेजारी बसलेली म्हातारी पुटपुटली, "मयताचं ऱ्हायलं, सोताचंच बोलला." मी चटकन मान वळवली, तुला दाखवायला. म्हटलं, घे, तुझ्या प्रबंधाला आणखी एक वाक्य. तिथे तू नव्हतीस, आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तू मेली आहेस.

ते वाक्य तुझ्या शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच होतं. 'मयताचं राहिलं, स्वतःचंच रडली.' तुझ्या मते ती आपल्या मुलखातली सगळ्यात जुनी टीका होती. माझ्या मते तो टोमणा होता. यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि आता होणारही नाही.

एम.ए.ला 'साहित्यसमीक्षा : इतिहास आणि सिद्धांत' हा पेपर घेणाऱ्या आपण दोघीच होतो. बाकीच्यांनी शहाणपणाने सोपे विषय घेतले. कर्जतच्या कॉलेजात दुपारी वर्ग रिकामे असायचे. तिथे आपण डबे उघडून बसायचो आणि खालच्या आवाजात सुरू झालेला अभ्यास शिपाई दार वाजवेपर्यंत चढत जायचा. शोक निराळा आणि करुणरस निराळा, हे मी वाचून दाखवलं तो दिवस मला आठवतो. शोक माणसाचा असतो, त्याने माणूस मोडतो. तो कोणा एकाचा राहिला नाही, सगळ्यांचा झाला, म्हणजे त्याचा रस होतो आणि मग तो चाखता येतो. तू वालाच्या बिरड्यात भाकरी बुडवत म्हणालीस, "म्हणजे माझी आई." मला कळेना. "अगं, माझी आई रडते ना, तेव्हा हेच होतं. रडते ती, आणि ऐकणाऱ्यांना आपापलं माणूस आठवतं. हे तुझ्या आचार्यांनी आमच्या ओटीवर बसून लिहिलं की काय?"

ती थट्टा तू पुढे वीस वर्षं वाढवत नेलीस आणि चाळिशी ओलांडल्यावर तिचाच प्रबंध करायला घेतलास. समीक्षेचा इतिहास लिहिणारे एक तर संस्कृतापासून सुरुवात करतात, नाही तर छापखाना आला तिथून, आणि मधल्या काळात लोक जणू मुके होते, असं तुझं म्हणणं. बायका मयताला शब्दांत रडत होत्या. मेलेल्याला 'तू' म्हणून हाक मारायची, त्याच्या खोडी काढायच्या, त्याला जाब विचारायचा. आणि भेटून टेंपोतून परत येताना बाकीच्या बायका ते रडणं तोलत होत्या. पोटातून रडली का वरवर. कुठे लांबवलं. कुठे मयत बाजूला ठेवून सासूचं गाऱ्हाणं मध्ये आणलं. "आणि हे औचित्य नाही तर काय आहे?" तू टेबलावर हात आपटून विचारायचीस. मी म्हणायचे, "टेंपोत बसून बोललेलं सगळं समीक्षा व्हायला लागलं, तर चहाच्या टपरीवर राज्यशास्त्राची पदवी द्यावी लागेल." "द्यावी. तुला टपरीवर उभं राहायची लाज वाटते, त्याला शास्त्र काय करणार?" टोमणा आणि समीक्षा यांत फक्त तळटीपेचा फरक आहे, हे तुझं लाडकं वाक्य. तुझ्या मार्गदर्शकांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

मला पटावं म्हणून तू मला एकदा टेंपोत घालून नेलंस. खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला तुझं माहेर, तिथल्या शेजारचे एक गोमादादा गेले होते. तुझी आई, ताराबाय, तेव्हा गुडघ्यांमुळे अजून घरी बसली नव्हती. आजूबाजूच्या गावांत कुठेही मयत झालं की तिला निरोप जायचा. ती आत आली, कोणाकडे बघितलं नाही, दाराशी काढून ठेवलेल्या वहाणांपाशी थांबली आणि तिथूनच सुरू झाली. "पायतानं दारात हायेत तुजी, दादा. अनवानी कुटं निगालास? काट्याची वाट तुला म्हाईत नाय का?" हेल साधा होता, वर जायचा आणि अर्ध्यात तुटायचा. त्या दादांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला माझे वडील आठवले, मुंबईच्या हॉस्पिटलात गेलेले, त्यांच्या चपला कोणी आणल्या की नाही हे आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. परतताना टेंपोत बायका म्हणाल्या, "पायतानांचं बरं काडलं ताराबायनं." दुसरी म्हणाली, "पन मागनं जरा लांबवलं." तू मला कोपराने ढोसलंस. मी डोळे पुसत होते आणि तरीही म्हणाले की हा अनुभव झाला, याला साहित्य म्हणता येणार नाही. किती चिडलीस तू! कर्जत येईपर्यंत बोलली नाहीस.

पण संहितेच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, आणि ते मी आजही सोडणार नाही. ज्या रडण्याची समीक्षा बायका करत, ते रडणं कागदावर कुठे होतं? शब्द गेले हवेत, उरलं फक्त मत. संहिता नसेल तर समीक्षा कशाची? तुझे मार्गदर्शकही तेच म्हणाले. एक तरी रडणं अथपासून इतिपर्यंत लिहून आणा, नाही तर हे प्रकरण गाळा. मयताच्या घरी फोन पुढे करणं तुला शक्य नव्हतं. तुला जमलं असतं तर मीच तुझ्याशी संबंध तोडले असते. म्हणून तू आईच्या मागे लागलीस. एकदा घरात बसून रडून दाखव, कोणाचंही घे, बाबांचं घे. ताराबाय उडवून लावायची. मयताबिगर रडू नये. घरात उगाच रडलं का मरन वाट इचारीत येतं. तू सण गाठलेस, तिच्या आवडीची सुकी मासळी नेलीस, पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी तू ती चूक केलीस. फोन रेकॉर्डिंगला लावून डाळीच्या डब्यामागे ठेवलास आणि बाबांच्या जाण्याचा विषय काढलास. आई बोलता बोलता कधी हेलावर गेली तिचं तिलाही कळलं नाही. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात कोणाचा तरी मेसेज आला आणि डब्यामागे उजेड पडला. ती थांबली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मयताबिगर रडायला लावतेस. कुनाला न्यायचं हाय तुला?" तू हे मला हसत सांगितलंस, पण तुझे हात ओढणीशी चाळा करत होते. दिवाळीपर्यंत ती तुझ्याशी बोलली नाही. पुढे बोलली, पण तू आत आलीस की आधी तुझा फोन मागून घ्यायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची.

मग पोट दुखायला लागलं. ओवा झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, पेपर तपासून होऊ देत, सहामाही संपू दे, करत करत तू तपासणीला गेलीस तेव्हा डॉक्टरांनी भाऊजींना एकट्याला बाहेर बोलावलं. मला फोनवर तू म्हणालीस, "स्वादुपिंड. बघ, आस्वादकाचा नेमका तोच अवयव गेला." मी हसले नाही. तू म्हणालीस, "हस गं, चांगला होता."

शेवटी शेवटी तू घरी होतीस. पुढच्या खोलीत खाट होती, खिडकीतून कापलेली शेतं दिसायची. भाऊजी औषध आणायला गेले आणि तू मला जवळ बसवलंस. आवाज पार गेला होता, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. "आई माझ्यावर तरी रडेल. रडेलच. तू तिच्याजवळ बस. फोन नको. तुझं पाठांतर चांगलं आहे, नीट ऐक आणि लक्षात ठेव. तुलाच हवी होती ना संहिता?" मी म्हटलं, "असलं बोलायचं असेल तर मी चालले." तू डोळे मिटून म्हणालीस, "जा. पण त्या दिवशी ये."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तुझी पेज उगाच ढवळत उभी राहिले. परत आले तेव्हा आपण तुझ्या शाळेतल्या नव्या बाईंबद्दल बोललो, त्या शब्दांना कसा सूर लावतात त्याची तू नक्कल केलीस. 'मरू नकोस' हे मला बोलता आलं नाही. इतकं साधं वाक्य. त्यात व्यंग्यार्थ नाही, वक्रोक्ती नाही, कोणत्याही शाळेच्या समीक्षकाला त्यात काही करायला जागा नाही. ते बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "अखेर एक वाक्य पोटातून आलं." मी ते राहू दिलं आणि मग तू ऐकायला शुद्धीवर राहिली नाहीस.

त्या दिवशी मी आले. तुला सवाशीण म्हणून हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता. तुला तो रंग कधीच आवडला नाही. घर बायकांनी भरलं होतं आणि सगळ्या कुजबुजत होत्या, कारण सगळ्या ताराबायची वाट बघत होत्या. तिला तुझ्या भावाने धरून आणलं तेव्हा वाट झाली आणि कुजबुज थांबली. मी तिच्या जवळ जागा धरली. तू सांगितलं होतंस म्हणून धरली, पण खोटं कशाला बोलू, मी ऐकायला बसले होते. तुझं प्रेत समोर असताना माझे कान परीक्षेला बसल्यासारखे टवकारलेले होते. शोक आणि रस यांच्यामध्ये अंतर लागतं म्हणणारी मी, आणि मला हाताच्या अंतरावरून तुझ्या आईचा शोक पाठ करायचा होता.

तिने तुझ्या कपाळावरून हात फिरवला. कानाजवळचं कुंकू पुसलं. मग पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

बायका म्हणाल्या, "बोल गं ताराबाय, बोल तिच्याशी. मोकली हो." ती बोलली नाही. तुझी एक चुलती तिच्या जागी रडायला सुरुवात करणार, तर हिने हात वर करून तिला गप्प केलं. घरात आवाज नव्हता. बाहेर अँब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर कोणाला तरी नेरळचा पत्ता सांगत होता, तो शब्दन् शब्द आत ऐकू येत होता. तुला उचललं, अंगणातून नेलं, वळणापलीकडे नेलं, तरी ती तशीच बसली होती, तोंडात पदर.

मी मुद्दाम तिच्या गावच्या बायकांच्या टेंपोत बसले. मला वाटलं, तू असतीस तर बसली असतीस. टेंपो रस्त्याला लागला. मग एक म्हणाली, "जगाची रडली, पोटच्या पोरीला नाय रडली." दुसरी म्हणाली, "सुकली बाय ती." तिसरी म्हणाली, "पोरगी तशीच गेली, कोन बोललंच नाय तिच्याशी." मला त्यांना टेंपोतून खाली उतरवावंसं वाटलं. हीच ना तुझी थोर समीक्षक मंडळी? समोर कोण बसलंय, का गप्प बसलंय, याचा पोच नाही, आणि निकाल तयार. मग लक्षात आलं की हे सगळं मी वीस वर्षं तुला सांगत होते. या वादात मी जिंकले होते, आणि सांगायला तू नव्हतीस.

जिंकले, म्हणजे आपल्या पुस्तकांच्या हिशेबाने. कच्च्या दुःखाला शब्द नसतात. ते माणसाच्या अंगाला चिकटलेलं असतं तोवर त्याचं काहीच होत नाही. ताराबाय परक्यांवर रडू शकत होती कारण ती परकी होती. हे मी छान मांडू शकते, उद्या वर्गात मांडेनही. पण रात्रंदिवस मला तो बोळाच दिसतो, आणि माझं एकही प्रमेय त्याला हात लावायला धजत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस की ते मौनच संहिता आहे. नाही, म्हणाली नसतीस. मौनावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांची आपण दोघींनी मिळून टर उडवली होती. मला तुझी बाजूही धड मांडता येत नाही. भांडायला समोर तू लागतेस.

आणि तुझे उपकार आहेत, तेही सांगून टाकते, तू नाक मुरडणार असलीस तरी. माझ्या पहिल्या छापील लेखावर तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, 'यात तू कुठे आहेस?' मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला. मग लेख पुन्हा वाचला आणि खरंच मी त्यात कुठे नव्हते, दुसऱ्यांची मतं एकापुढे एक मांडून मी बाजूला झाले होते. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते तुझ्या भीतीने लिहिलं. आता भिण्यासारखं कोणी राहिलं नाही. उद्या मी वाईट लिहायला लागले तर मला सांगणार कोण? मनमिळाऊ माणसं?

दहावा झाल्यावर मी तुझ्या माहेरी गेले. खालापूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. वाटेत दोन्ही बाजूंना फार्महाऊसची कुंपणं झाली आहेत, तुझ्या गावाचा फाटा मला ओळखता आला नाही. ताराबाय ओटीवर वाल सोलत बसली होती. "ये बाय," म्हणाली, आणि परात माझ्याकडे सरकवली. मीही सोलायला बसले. परात अर्धी झाल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "त्या दिशी सगल्या तिच्याकडं बगत व्हत्या. तू माज्या तोंडाकडं का बगत व्हतीस?"

खोटं सुचलं नाही. "तिने सांगितलं होतं, आई. म्हणाली, आई रडेल, ते नीट ऐक."

तिचे हात थांबले. "वाटलंच मना," ती म्हणाली. "मेली, पन कान हितंच ठेवून गेली." मग पुन्हा एक वाल चिमटीत धरला. "मी बोलले व्हते तिला, कुनाला न्यायचं हाय. सोताच गेली. तिथं निजली व्हती ना, हिरवं नेसून, मना वाटलं, ही आयकाया थांबलीय. मी रडले का तिचं काम झालं. उटून जाईल." साल बाजूला टाकत म्हणाली, "म्हनून नाय रडले. काय वंगाल बोलायचं ते बोलूद्यात बायका."

"आणि आता?"

"येतं ना. भांडी घासताना येतं. चुलीशी येतं. तिचं सगलं येतं, शालेत जायाची तवापासूनचं. तोंडापरत्यान येतं आन गिलते."

मी म्हटलं, "आई, रडा तुम्ही. मोकळ्या व्हा. मी नाही ऐकत. मी फाट्यावर जाऊन उभी राहते." मी खरंच उठले होते, रंजना. संहिता दारापर्यंत आलेली होती, आणि मला ती नको होती. मला फक्त त्या म्हातारीने श्वास घ्यायला हवा होता.

तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. बोटांना वालाचा चिकटपणा होता. "तू लिवतेस ना?" ती म्हणाली. "मंग तिला लिव. आई रडली नाय म्हनावं. आयकायचं असंल तर सोता घरी ये. दुसरीला नाय धाडायचं."